विमानाच्या पोटाचा रंग

पट्टी निघाल्यावर सरांना सगळ्यांत आधी दिसला तो डॉक्टरीणबाईंचा कोट. पांढरा. इतका पांढरा की आजच दुकानातून आणून अंगात घातलाय असं वाटावं.

"कोट नवा का?" सरांनी विचारलं.

"प्रत्येक जण हेच विचारतो," बाई म्हणाल्या. "कोट जुनाच आहे काका. डोळा नवा आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं, मग तपकिरी होतं. चहाच्या पाण्यातून जग बघितल्यासारखं. पण हे इतकं सावकाश, वर्षानुवर्षं चालतं की माणसाला पत्ताही लागत नाही. निळा रंग सगळ्यांत आधी मरतो. "उजव्या डोळ्यातलं भिंग बदललंय. डाव्यातलं जुनंच आहे, ते महिन्याने बघू. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, थेंब वेळेवर."

सरांनी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. दुसरं कोणी नीट उलगडून सांगू लागलं की ते मन लावून ऐकत आणि मनातल्या मनात शेरा देत. 'बाईंचं शिकवणं चांगलं आहे. उदाहरण सोपं घेतात.' एवढा शेरा देऊन ते उठले. बाई जे सांगत होत्या ते आपल्याचबद्दल आहे, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

घरी आल्यावर बायको चहा ठेवायला आत गेली आणि सर काळा चष्मा लावून मागच्या खोलीकडे सटकले. चार दिवस विमानांचं तोंड बघितलं नव्हतं.

मागची खोली म्हणजे सरांचा कारखाना. खिडकीपाशी टेबल. त्यावर चिमटे, कानशी, तीन केसांचा ब्रश, गोंदाची बाटली, रंगाच्या बाटल्या. भिंतीला काचेचं कपाट आणि कपाटात त्रेचाळीस विमानं, एकही तळहाताहून फार मोठं नाही. सगळी जर्मन, सगळी दुसऱ्या महायुद्धातली, सगळी लढाऊ. मेसरश्मिट आणि फोके-वुल्फ. प्लॅस्टिकचे सुटे भाग खोक्यातून यायचे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे आणि मग रंगवायचे. जोडणं कुणालाही जमतं, सर म्हणत. रंगवणं म्हणजे खरी परीक्षा.

दुष्टांचीच विमानं कशाला करता, असं लोक विचारत. रविवारच्या वर्गातली मुलंही विचारत. सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "ती दुष्टांची होती म्हणूनच. या विमानांनी गावंच्या गावं भाजणाऱ्यांची राखण केली. जे घडलं ते जसंच्या तसं दाखवायचं. आपण त्यात एक रंग जरी मनाने घातला, तर उद्या दुसरा कोणी सगळीच गोष्ट मनाने सांगेल."

आणि मग ते विमान उलटं करून पोट दाखवत. पाठीवर करड्या-हिरव्या रंगाचे तुकडे, म्हणजे वरून बघणाऱ्याला जमीन वाटावी. पोट मात्र फिकट, जेमतेम निळसर करडं, म्हणजे खालून बघणाऱ्याला आभाळ वाटावं. "या रंगाचं काम एकच, मुलांनो. दिसायचं नाही. दिसला की चुकला."

हे पोट नीट दिसावं म्हणून सरांनी कपाटाच्या प्रत्येक फळीवर आरसा अंथरला होता.

त्यांनी दिवा लावला, चष्मा काढला आणि आरशात बघितलं.

आरशात बादल्या होत्या. न्हाणीघरातल्या प्लॅस्टिकच्या बादलीचा असतो तसा ढळढळीत निळा रंग, त्रेचाळीस वेळा. जमिनीवरून बघणाऱ्या आंधळ्यालाही दिसला असता.

सरांना वाटलं, ऑपरेशन बिघडलं. त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्या, जुन्या डोळ्याला पोटं छान दिसली. फिकट, निळसर करडी, अगदी असावीत तशी. हुश्श म्हणून त्यांनी हात बदलला. आता डावा झाकलेला, उजवा उघडा. बादल्या. पुन्हा हात बदलला. आभाळ. पुन्हा बादल्या. असं त्यांनी किती वेळ केलं कोण जाणे. शेवटी ते स्टुलावर बसले.

भिंतीचा चुना पांढरा होता. वहीचा कागद पांढरा होता. उजव्या डोळ्याने सांगितलेलं सगळं जग बरोबर होतं. चुकीची होती ती फक्त विमानं.

आता गणित मांडायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वी रंगांचा छापील तक्ता त्यांना पिवळट वाटू लागला. 'कागद जुना झाला, शाई उतरली,' असं म्हणून त्यांनी तो फेकून दिला आणि तेव्हापासून रंग डोळ्याने, आठवणीने मिसळायला लागले. तीन वर्षांपूर्वी जुन्या विमानांची पोटंही पिवळी वाटली. 'वॉर्निश पिवळं पडलं,' असं म्हणून त्यांनी एकेक करून सगळी पुन्हा रंगवली. तक्ता पिवळा, वॉर्निश पिवळं, बाजारातला तयार रंग पिवळा. सगळं जग पिवळं पडत होतं आणि ते दुरुस्त करायला एकटे सर काय ते उरले होते.

आणि मग त्यांना मुंगी आठवली.

मुंगी म्हणजे त्यांची सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. नऊ वर्षांची असताना वर्गात आली. बारीक हाताची, हळू पण न थांबणारी, म्हणून सरांनीच ते नाव ठेवलं. आठ वर्षं एक रविवार चुकली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात तिने मेसरश्मिट मांडलं होतं. परीक्षक सर. सभागृह भरलेलं. सरांनी ते विमान उचललं, उलटं केलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हे पोट बघा," ते म्हणाले होते. "पिवळट करडं. असं पोट कधीच नव्हतं. दुकानातला डबा उघडून रंग फासला की असं होतं."

"मी स्वतः मिसळलाय, सर," मुंगी जागेवरून म्हणाली. "तक्त्याशी ताडून बघितलाय."

"मग डोळे तपासून घे," सर म्हणाले.

लोक हसले. विमान स्पर्धेतून बाद झालं. मुंगी ते घेऊन गेली ती परत वर्गाला आली नाही. रुसली असेल, येईल, असं सरांनी धरलं. पहिले काही महिने दाराकडे बघायचे, मग बघणंही सुटलं.

"चहा गार होतोय," दारातून बायको म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून आत आली. "काय झालं? दुखतंय का?"

सरांनी तिच्या हातात एक विमान उलटं ठेवलं. "हा रंग कसा आहे?"

"निळा."

"कसा निळा?"

बायकोने विमानाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "दिसला वाटतं," ती हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मला विमानातलं काय कळतंय? पण आभाळ असं नसतं, एवढं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. म्हटलं, अहो, जरा भडक होतंय का. तुम्ही म्हणालात, चाळीस वर्षं रंग शिकवतोय. त्यावर माणसाने काय बोलायचं? सदऱ्यांचंही तेच. पिवळे दिसतात म्हणून चार वेळा साबण बदलायला लावलात. पाचव्यांदा मी बदललाच नाही, नुसतं सांगितलं बदलला म्हणून. तुम्ही म्हणालात, आता जरा बरे निघतात."

दुसऱ्या कुठल्या दिवशी सर हसले असते. त्यांनी विमान तिच्या हातातून घेतलं आणि जागेवर ठेवलं.

रविवारी सहा मुलं नेहमीसारखी आली. प्रदर्शन आठवड्यावर आलेलं, त्यामुळे विमानं तयार होती आणि पोटांवर शेवटचा हात फिरवायचा होता. सरांनी काळा चष्मा काढला नाही, नुसता नाकावर खाली ओढला. त्यांनी मुलांची विमानं एकेक हातात घेतली. सगळ्यांची पोटं बादलीसारखी. आणि रंगाचा थर असा जाड की पत्र्याच्या सांध्यांच्या बारीक रेघा बुजून गेलेल्या. या जाड थरावरून सर दोन वर्षं मुलांना रागावत होते. पातळ द्या, पातळ द्या, म्हणून घसा कोरडा झाला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"एक विचारतो," सर म्हणाले. "या पोटाचा रंग तुम्हाला कसा वाटतो?"

"छान आहे, सर," पाच जण एका सुरात म्हणाले. सहावी होती प्रश्नपेटी. दहा वर्षांची, वर्गात सगळ्यांत लहान. ती नुसती बघत राहिली.

"खरं सांगायचं. आज मार्क नाहीत."

"खरं सांगितलं तर वर्गातून काढणार का, सर?" प्रश्नपेटीने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"अगं, नक्की."

तिने बाकीच्यांकडे बघितलं. मोठ्या मुलीने डोळे वटारले, पण एकदा उघडलेली पेटी मिटणाऱ्यांतली नव्हती. "सर, आमच्याकडे दोन बाटल्या असतात. एक बादली आणि एक खरा. बादली म्हणजे तुमचा. वर्गात बादली लावायचा. घरी गेलं की त्याच्यावर खरा लावायचा. प्रदर्शन आलं की परत बादली. संपलं की परत खरा. माझ्या फोके-वुल्फला पाच थर झालेत, सर. ते आता या ताईच्या फोके-वुल्फपेक्षा जाडं दिसतं."

मोठी मुलगी जमिनीकडे बघत होती.

"सगळेच असं करता?" सरांनी विचारलं.

सहा माना हलल्या.

"कधीपासून?"

"मी आले तेव्हाच मला सांगितलं होतं या लोकांनी," प्रश्नपेटी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. चिमटा कसा धरायचा ते नंतर."

"आणि मला कुणीच बोललं नाही?"

"बोललं की. मुंगीताई बोलली. मग तुम्ही तिला काढलंत."

"मी तिला काढलं नाही, बाळा. ती यायची बंद झाली."

"तेच ना, सर," प्रश्नपेटी म्हणाली.

जसंच्या तसं दाखवायचं, हे ज्या मुलांना ते दर रविवारी सांगत आले, तीच मुलं त्यांच्या पाठीमागे खरा रंग चोरून, घरी, दार लावून लावत होती. एका मुलीचं काय झालं ते मोठ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, धाकटीने ऐकलं होतं. शिकायचं ते ही मुलं शिकली होती.

"मुंगी हल्ली कुठे असते?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दात करते," मोठी मुलगी म्हणाली. "कवळीच्या कारखान्यात. माझ्या आजोबांची कवळी तिनेच केली. औषधाच्या दुकानावरचा जिना."

सोमवारी सर बुटांच्या खोक्यात एक विमान घालून तो जिना चढले. वर लांबट खोली. टेबलांवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले, जळक्या मेणाचा वास, कोपऱ्यात छोटी भट्टी, पलीकडच्या खोलीत कुणीतरी दात कोरत होतं त्याची बारीक घरघर. मालक तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाले, "तिच्याकडे? पाच मिनिटं हं. आधीच मागे आहे ती. हात सोन्याचा, पण एक दात चार-चार वेळा ताडून बघते. माणसाचं जेवण अडलंय, हिचं ताडणं चाललंय."

मुंगी खिडकीशी बसली होती. पुढ्यात एकच खोटा दात आणि नमुन्यांची पट्टी: सोळा दात, सोळा पांढरे, प्रत्येकाच्या दांडीवर आकडा. एकोणीस वर्षांची झाली होती. सरांना बघून उठली.

"बसा ना, सर. डोळ्याला काय झालं?"

सरांनी खोकं उघडून विमान तिच्यासमोर उलटं ठेवलं. "आधी हे बघ. हा रंग कसा आहे?"

"तुमचा आहे, सर."

"माझा म्हणजे?"

"म्हणजे बरोबर."

"बरोबर नाही," सर म्हणाले, आणि वर्गात धडा सांगतात तसं त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. भिंग, चहाचं पाणी, उजवा डोळा, डावा डोळा, फेकलेला तक्ता. वाक्यं त्यांनी आदल्या रात्री घोकली होती. "तुझा रंग बरोबर होता, मुंगे. चूक माझी होती. तुला राग आला, तू आली नाहीस, ते बरोबरच केलंस."

मुंगीने विमान उचलून त्याचं पोट खिडकीच्या उजेडात धरलं.

"मला राग नव्हता आला, सर," ती म्हणाली.

"मग?"

"मी घरी जाऊन ते विमान परत रंगवलं. वर्गातली तुमच्या निळ्याची बाटली होती माझ्याकडे. लावला तर डोळ्यांना टोचायला लागला. मी म्हटलं, बघ, सरांना जो रंग शांत दिसतो तो आपल्याला भडक दिसतो. म्हणजे खोट आपल्यातच आहे. तुम्ही म्हणालात म्हणून डोळे तपासून घेतले. दोन ठिकाणी. दोन्हीकडे सांगितलं, ठणठणीत आहेत. मला वाटलं, त्यांना हा प्रकार तपासता येत नसेल."

तिने पुढ्यातला दात उचलून पट्टीला लावून बघितला.

"चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरला होता मी," ती तशाच सपाट आवाजात म्हणाली. "प्रवेश परीक्षेला गेले नाही. ज्याला रंग दिसत नाही त्याने तिथे जाऊन काय करायचं? इथे बरं आहे. इथे पट्टी असते. पट्टीवर आकडा असतो. चार वेळा ताडून बघितलं की चूक होत नाही."

राग, अबोला, दोन खरमरीत वाक्यं: सर या सगळ्याची तयारी करून आले होते. रुसून गेलेली मुलं त्यांनी आजवर कितीतरी परत आणली होती. ती कला त्यांना येत होती. पण ही रुसलीच नव्हती. हिने सरांचं ऐकलं होतं. बाकीच्या मुलांनी दोन बाटल्या केल्या, गुरूला एक रंग दाखवला आणि स्वतःचे डोळे वाचवले. जिने सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला, तिनेच तेवढे डोळे गुरूच्या पायाशी काढून ठेवले होते.

"मग आता काय समजू, सर?" मुंगीने विचारलं. "मला रंग दिसतात असं समजू का?"

'दिसतात, बाळा, माझ्यापेक्षा चांगले दिसतात,' हे वाक्य सरांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तेव्हाही सरच म्हणाले होते. आताही सरच म्हणणार. तिने पुन्हा त्यांच्याच शब्दावर आपले डोळे परत लावायचे, उद्या सरांच्या डाव्या डोळ्याने काही निराळं सांगितलं की पुन्हा काढून ठेवायचे.

"माझं ऐकूच नकोस," ते म्हणाले. "ती पट्टी इकडे दे."

पट्टीतले सोळा दात त्यांनी एकेक करून सोडवले आणि रुमालात मिसळले. मग एक उचलला, आकड्याची दांडी मुठीत लपवली आणि दात तेवढा खिडकीच्या उजेडात धरला.

"किती नंबर?"

"सर, ताडल्याशिवाय मी नाही सांगत."

"कशाशी ताडणार? सगळी पट्टी माझ्याकडे आहे. सांग."

"चुकेल."

"चुकू दे. चुकलं तर पट्टीच सांगेल. मी तोंड उघडणार नाही."

ती खुर्ची पुढे ओढून दाताकडे बघत म्हणाली, "सात."

सरांनी मूठ उघडून दांडी तिच्याकडे फिरवली. स्वतः बघितलंही नाही. दांडीवर सात होता.

"अकरा." अकरा.

"तीन." तीन.

"हा… चौदा. नाही, थांबा. चौदाच." चौदा.

दरवेळी सर मूठ उघडत, ती आकडा वाचे आणि दात बाजूला ठेवला जाई. मालक 'पाच मिनिटं झाली' म्हणायला आले आणि दारातच थबकले. शेवटी सोळापैकी चौदा बरोबर निघाले. आठ आणि नऊची तेवढी अदलाबदल झाली होती.

"आठ-नऊ मलाही कळत नाही," मालक दारातून म्हणाले. "बावीस वर्षं झाली या धंद्यात. आणि तू मग रोज माझा वेळ का खातेस गं?" उत्तराची वाट न बघता ते आत गेले.

मुंगीने ते चौदा दात टेबलावर ओळीने मांडले. मांडून झाल्यावर तिचे हात तसेच टेबलावर पडून राहिले. तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधायला गेलेल्या सरांना तिथे काहीच सापडलं नाही. अंधारात एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसा तो चेहरा झाला होता.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

सरांनी रुमालाची घडी घातली.

"रोज, सर. भाजी घेताना. आईने विचारलं, या कपड्यावर हा दोरा जुळतो का, तर मी म्हणायची, मला नको विचारूस." तिचा आवाज चढला नाही, पण आता त्यात धार होती. "आणि तुम्ही हे मला सांगायला इथे आलात. जिना चढून, एकटे. इथे तुम्ही आणि मी. त्या दिवशी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या."

"येत्या रविवारी प्रदर्शन आहे," सर म्हणाले. "तिथेच सांगेन. सगळ्यांसमोर."

"काय सांगाल?"

"सांगेन की माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, मला कळलं नाही, आणि त्यामुळे—"

"नको," मुंगी म्हणाली. "असं सांगितलंत तर लोक म्हणतील, बिचारे सर. टाळ्या वाजवतील. मोठ्या मनाचा माणूस म्हणतील. आणि मी कोण, हे कुणी विचारणारही नाही."

ते खरं होतं. सरांनी मनात जे भाषण जुळवलं होतं, त्याच्या शेवटी टाळ्या होत्या. हे आत्ता, तिने सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मुंगीने कामाच्या कागदांतला एक ओढला, उलटा केला आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. "लिहा. मी सांगते."

सरांनी खुर्ची टेबलाजवळ घेतली. चाळीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलांना समोर बसवून चुका दुरुस्त करायला लावल्या होत्या. या बाजूला बसायची वेळ कधी आली नव्हती.

"दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात मी एका मुलीचं विमान सगळ्यांना दिसेल असं वर धरलं."

सरांनी लिहिलं.

"त्याच्या पोटाचा रंग तिने स्वतः मिसळला होता. तो बरोबर होता. तिने तसं मला सांगितलं."

लिहिलं.

"त्यावर मी तिला—"

सर थोडे पुढे गेले आणि त्यांनी आपल्या मनाने लिहिलं, 'त्यावर मी तिला गमतीने म्हणालो.' मुंगी पलीकडून, उलटी अक्षरं वाचत होती.

"गमतीने खोडा," ती म्हणाली.

त्यांनी 'गमतीने' खोडलं. रेघ नीट पडली नाही म्हणून पुन्हा एकदा खोडलं.

"मी तिला म्हणालो, मग डोळे तपासून घे. लोक हसले."

लिहून झालं. सरांनी वर बघितलं. मुंगी पुढचं सांगेना. ती त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती, जसे ते वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलं की वाट पाहत.

सरांनी ते सभागृह आठवून बघितलं. वर धरलेलं विमान. जागेवर उभी राहिलेली मुलगी. पहिल्या रांगेतली हसणारी तोंडं. ही तोंडं व्यासपीठावर त्यांच्याकडेच वळलेली होती, साथ मागितल्यासारखी. आणि साथ मिळाली होती. दोन वर्षांत ते त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

त्यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला, कागद जवळ ओढला, आणि कुणी न सांगता पुढचे दोन शब्द लिहिले.

'मीही हसलो.'

मुंगीने ते वाचलं. "आता पुढचं," ती म्हणाली.